पालखी खांद्यावर असताना

पालखी दुपारी अंगणात येणार हे कळल्यापासून घरातली माणसं दोन कामांत वाटली गेली होती. बायका अंगण सारवत होत्या, आणि पुरुष पडवीत बसून कुणाला पोलिसांच्या हवाली करायचं ते ठरवत होते. दर्शना सारवणाऱ्यांत होती. पण सारवायला हात लागतात, कान लागत नाहीत, आणि पडवीतला शब्दन्‌शब्द तिला ऐकू येत होता. तो तिला ऐकू यावा अशीच बहुधा प्रवीणभावोजींची इच्छा होती. समोर बसवून सांगण्यापेक्षा भिंतीला सांगून सुनेला ऐकवणं हे या घरात पूर्वापार चालत आलेलं होतं.

आदल्या संध्याकाळी सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसवतात त्या चौथऱ्यापाशी, देवीची पालखी नाचत असताना वरच्या वाडीची आणि खालच्या वाडीची जुंपली. कारण नेहमीचंच, पालखी आधी कुणाच्या वाडीत जाणार. दर शिमग्याला यावरून शिव्यागाळ होते, कधी धक्काबुक्की होते, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं एका पंगतीला बसून एकमेकांना वाढायचा आग्रह करतात. यंदा कुणीतरी मांडवाचा बांबू उपसला, आणि तो खालच्या वाडीच्या ओमच्या डोक्यात बसला. ओमला रातोरात महाडला नेलं, तिथून मुंबईला. सकाळपर्यंत तो शुद्धीवर आला नव्हता. पोलादपूरहून साहेब संध्याकाळी येणार होते. तोवर गावानं आपसांत बसून एक नाव ठरवावं, नाहीतर दोन्ही वाड्यांतली सगळी पोरं गाडीत भरली जातील, असा पोलीस पाटलांचा निरोप होता.

नाव तसं ठरल्यातच जमा होतं. त्या गोंधळात "वाघ्या, मार त्याला" अशी हाक अर्ध्या गावानं ऐकली होती, आणि गावात वाघ्या एकच होता. दर्शनाचा हृतिक.

चार वर्षांचा असताना हा पोरगा चावायचा. अंगणवाडीत पोरांना चावायचा, घरी आत्याला चावायचा, एकदा तर शेळीच्या कानाला चावला होता. बाप तेव्हा हयात होता, तो हसायचा. अंगणवाडीच्या बाईंनी दर्शनाला बोलावून सांगितलं होतं, की याला राग आला की शब्द सापडत नाहीत, म्हणून हा दात लावतो. मारू नका, कौतुकही करू नका, जरा जवळ घेऊन बसत जा. दर्शनाला ते पटलं होतं. पण त्याच सुमारास बांधाच्या भांडणात मोजणीला माणूस आला, तो समोरच्यांच्या बाजूनं झुकतोय असं दिसलं, आणि हृतिकनं जाऊन त्याच्या पोटरीचा लचका घेतला. मोजणी त्या दिवशी राहिली ती राहिलीच. प्रवीणभावोजींनी पोराला उचलून वाडीभर मिरवलं, आमचा वाघ्या, आमचा वाघ्या म्हणून. त्या वयाच्या पोराला तेवढं पुरतं. वाघ्या हे कुत्र्याचंही नाव असतं हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढं सगळं आपोआप होत गेलं. शाळेत गुरुजींनी मारकुट्या पोरांचा वेगळा बाक केला, म्हणजे बाकीचा वर्ग सुखात. त्या बाकावर हृतिकला दोस्त मिळाले, आणि दोस्तांबरोबर त्यांची भांडणंही मिळाली. तो बिरवाडीत खोली घेऊन महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला लागला, तर तिथंही कुणाचं कुणाशी वाजलं की याचा फोन वाजायचा: वाघ्या, ये. हा जायचा. कंपनीच्या गेटवर पोरांनी एका मुकादमाला लोळवला तेव्हा तो तिथं होता. वीरच्या स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यांच्या भांडणात चाकू निघाला तेव्हाही तो तिथं होता. त्यानं स्वतः हात उचलल्याचं क्वचितच निघालं, पण एवढं बारीक कोण बघतो. जिथं मारामारी तिथं दर्शनाचा पोरगा, हे गावाला पाठ होतं. पोरगा मारामारी शोधत नव्हता, मारामारीच त्याचा पत्ता विचारत यायची, हे दर्शनाला दिसत होतं. पण नवरा गेल्यापासून या घरात तिच्या बोलण्याला वजन उरलं नव्हतं.

"दर्शना, जरा वर ये," प्रवीणभावोजींनी अखेर हाक मारली. ती हात धुऊन पडवीच्या कडेला टेकली. प्रवीणभावोजी थोरले दीर, मुंबईच्या ग्राममंडळाचे अध्यक्ष. शिमग्याला गावी आले की घराचा कारभार आपोआप त्यांच्या हातात जायचा. शेजारी म्हातारे सासरे भागोजीआबा भिंतीला टेकून बसले होते, आणि कोपऱ्यात आबांची बहीण रंगूबाई सुपारी कातरत होती. प्रवीणभावोजींचा यशराज पायरीवर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. सकाळपासून त्याचं बोट त्या काचेवर हललेलं नव्हतं.

प्रवीणभावोजींनी सगळं नीट मांडलं. मांडण्यात ते हुशारच होते. हृतिकचं नाव आलंच आहे, आपण गप्प राहिलो तरी ते पुसलं जाणार नाही. त्यापेक्षा आज पालखी दारात आली की आबांनी गाऱ्हाण्यातच ते बोलून टाकावं, की माझ्या नातवाच्या हातून चूक झाली, देवी, पदरात घे. गाव नरम पडेल. वकील ते देतील, ओमच्या दवाखान्याचं ते बघतील, आणि ओम बरा झाला की मॅटर सेटल.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते दर्शनाला कुणी सांगायला नको होतं. आबा गावचे गावकर, पालखीपुढं उभं राहून गावाच्या वतीनं देवीशी बोलायचा मान त्यांचा. ते एकेक वाक्य बोलणार आणि जमलेलं गाव एकेका वाक्याला 'होय महाराजा' म्हणणार. एकदा पालखीसमोर गावानं होय म्हटलं की ती गोष्ट खरी झाली. मग पोलीस विचारोत की न्यायाधीश विचारो, या डोंगरात त्याच्या उलट साक्ष द्यायला माणूस मिळायचा नाही.

"आनि आबा नाय बोलले तर?" तिनं विचारलं.

"तर साहेब सरसकट सगळ्यांना नेणार. यशराजला पण. त्याचं पोलीस भरतीत नाव लागलंय, आता ट्रेनिंगला बोलावतील. एक केस लागली की त्याची लाईफ खलास." प्रवीणभावोजी थांबले. "हृतिकचं तसं काय नाय ना."

हृतिकचं तसं काय नाही, हे त्यांनी वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. हिशेबात शून्य लिहावं तितक्या सहज म्हटलं होतं. दर्शनानं आबांकडं बघितलं. आबांची नजर अधू झाली होती. काल सहाणेवर असूनही त्यांना धुरळ्यापलीकडं काही दिसलं नव्हतं.

"देवीसमोर खोटं जाता नये," आबा म्हणाले. "पोरानं केलं असंल तर केलं म्हनायचं. त्यात लाज नाय."

"केलं असंल म्हंजे?" कोपऱ्यातून रंगूबाई म्हणाली. सकाळपासून ती भाच्याच्याच बाजूनं माना डोलवत होती, त्यामुळे सगळ्यांनी दचकून वर पाहिलं. "मी सहाणेच्या कट्ट्यावर व्हते. वाघ्या म्हनून हाक तूच मारलीस ना रे प्रवीण?"

"मारली. तोंडातून निघाली, सवयीनं."

"मग हाक तुझी झाली. तो आला का, ते सांग."

"आत्या, तू मध्ये नको बोलू," प्रवीणभावोजी म्हणाले, आणि एरवी कुणाचं ऐकून न घेणारी रंगूबाई पुन्हा सुपारीला लागली. पण तिनं टाकलेला खडा दर्शनाच्या मनात पडला होता. इतक्या माणसांनी इतकं ऐकलं होतं, पण बांबू धरलेला हात पाहिल्याचं अजून कुणीच म्हटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिनं स्वतःही पोराला विचारलं नव्हतं. ती काल त्याला पाहून फक्त रडली होती.

हृतिक परसात पाणी तापवायच्या चुलीजवळ लाकडं फोडत होता. फोडत म्हणजे डाव्या हातानं. उजवा हात त्यानं अंगालगत धरला होता. दर्शनानं काही न बोलता त्याच्या सदऱ्याची गुंडी काढून खांदा उघडा केला. मानेपासून दंडापर्यंत काळंनिळं झालं होतं आणि मधोमध कातडी सोलवटली होती.

"कुनी मारलं?"

"मारलं नाय. दांड्याचा वळ हाय. पालखीच्या."

ती तिथंच लाकडांवर बसली. मग एकेक करत तिनं त्याच्याकडून काढून घेतलं, आणि पोटातलं काढून द्यायची सवय नसलेल्या त्या पोरानं तुटक तुटक दिलं. पालखी नाचवायला काढली तेव्हा तो पुढच्या दांड्याला होता. मारामारी सुरू झाली तसे खांदेकरी पळाले, कुणी मारायला, कुणी सोडवायला. राहिले दोघे, पुढं हा आणि पाठी खालच्या वाडीचे चांगूनाना. दोघांनीच पालखी धरून ठेवली, सगळं शांत होईपर्यंत, आणि मग दोघांनीच देवळात नेऊन ठेवली.

"आबांनी सांगितलंय," तो म्हणाला. "पालखी खांद्यावर असताना जीव गेला तरी ती भुईला टेकवायची नाय."

हे आबांनी त्याला पहिल्यांदा खांद्याला लावलं त्या वर्षी सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या घरानं त्या पोराला विश्वासानं सोपवलेली ती एकच गोष्ट होती, आणि तो ती जिवापाड सांभाळत होता.

"मग रात्रीच का नाय बोललास?"

"इचारलं कोनी? काका आले ते बोलतच आले, वाघ्या, काय करून ठेवलंस हे."

"मारलं कोनी रे?"

हृतिकनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि घराच्या पुढच्या बाजूला, पायरी जिकडं होती तिकडं बघितलं. तेवढं बघणं पुरेसं होतं. दर्शनाला यशराजचं न हलणारं बोट आठवलं.

"राहू दे आई," हृतिक म्हणाला. "माझ्यावर खपून जाईल."

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि दोन्हीही न करता ती उठली. इतका संताप तिला नवरा गेला त्या दिवशीही आला नव्हता. पोरावर नाही, त्या वाक्यावर. ते वाक्य त्याला जन्मतः येत नव्हतं. कुणीतरी त्याला ते रोज थोडं थोडं शिकवलं होतं, आणि शिकवणाऱ्यांत घरचेच सगळे होते.

स्वयंपाकघरात तुळसावयनी पुरण वाटत होती. तुळसा तिची थोरली जाऊ, यशराजची आई. दोघी जावा असूनही दोघींचं गूळपीठ होतं, आणि त्याचं अख्ख्या भावकीला कोडं पडायचं. दर्शनाच्या वाईट दिवसांत तुळसानं मुंबईहून कपडे पाठवले होते, हृतिकच्या शाळेच्या फीचं प्रवीणभावोजींना न सांगता बघितलं होतं. त्यामुळेच दर्शनाला दारातून आत पाऊल टाकणं जड गेलं.

"वयनी, तुमाला म्हाईत हाय," ती म्हणाली. तिनं विचारलं नाही.

तुळसाचा हात वरवंट्यावर थांबला. तिनं नाही म्हटलं नाही, याबद्दल दर्शनाला पुढं कितीतरी वर्षं तिचा आदर वाटत राहिला. दाराकडं एकदा बघून तुळसा हळू आवाजात म्हणाली, "रात्री येऊन माझ्या मांडीवर पडला. ओकत होता. बांबू कुणी हातात दिला तेही आठवत नाय म्हणतो. दर्शना, माझा पोरगा भित्रा हाय गो. आत गेला तर मरून जाईल. तुझा निभावून नेईल. तुझ्याला सवय हाय."

हे ऐकून दर्शनाला तिचा राग यायला हवा होता. पण तुळसा खोटं बोलत नव्हती, तिला मनापासून तसंच वाटत होतं. अख्ख्या गावाला तसंच वाटत होतं, की ज्यानं चार मारामाऱ्या पाहिल्या त्याला पाचवी लागत नाही.

"सवय नाय वयनी," दर्शना म्हणाली. "त्याचा खोलीतला दोस्त हाय ना, शुभम, तो मला सांगतो. माझा पोरगा झोपत नाय. वीरच्या स्टेशनावर ते चाकूचं झाल्यापासून तो भिंतीला पाठ लावून बसतो. दिवा मालवू देत नाय. याला सवय कोन म्हनंल?"

तुळसाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण ती म्हणाली, "माझ्यानं नाय बोलवायचं. माझा एकच हाय."

"माझा पन एकच हाय," दर्शना म्हणाली. दोघींनी मिळून चुलीवरचं पुरणाचं दुसरं पातेलं खाली उतरवलं, कारण ते करपायला लागलं होतं. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

ढोल ऐकू आला तेव्हा ऊन माथ्यावर होतं. पालखीबरोबर दोन्ही वाड्यांची माणसं होती. पालखीचा फेरा वाटेत मोडायचा नसतो म्हणून दोन्हीकडचे जाणते एकमेकांकडं न बघता एकाच रांगेत चालत आले होते. खालच्या वाडीचे लोक कुंपणाच्या बाजूला उभे राहिले, वरच्या वाडीचे गोठ्याच्या. सारवलेल्या अंगणाचा मधला भाग मोकळा राहिला, आणि तिथं पाटावर पालखी ठेवली. तुळसानं देवीची ओटी भरली. तांदूळ तिच्या हातातून निम्मे बाहेर सांडले. ओमचा चुलता पुढंच उभा होता, रात्रभराच्या जागरणानं त्याचे डोळे सुजले होते. पोलीस पाटील टोपी हातात घेऊन उभे होते. हृतिक सगळ्यांच्या पुढं, मान खाली घालून उभा होता. प्रवीणभावोजींनी त्याला तिथं उभं केलं होतं आणि त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला होता.

आबांनी हात जोडले. एरवी चहा मागतानाही थकणारा हा माणूस गाऱ्हाण्याला उभा राहिला की त्याचा आवाज पलीकडच्या डोंगराला जायचा.

"माय सोमजाई, वरची वाडी तुझी, खालची वाडी तुझी, मधला वहाळ तुझा."

"होय महाराजा."

"सालाबादप्रमानं लेकरांनी तुझी चाकरी केली. चाकरीत यंदा रगत सांडलं."

"होय महाराजा."

"ओम तुझं लेकरू. त्याला डोळे उघडू दे, आईबापाच्या हाती दे."

"होय महाराजा." हा होय सगळ्यांत मोठा निघाला, आणि त्यात दोन्ही बाजू होत्या. दर्शनाचाही आवाज त्यात होता, जरी बायकांनी गाऱ्हाण्याला साथ द्यायची पद्धत नव्हती.

"माझ्या घरचा हृतिक. त्याच्या हातून ह्यो अपराध घडला. माय, त्याला पदरात घे."

माणसांनी होय म्हणायला श्वास घेतला. त्यात सगळ्यांच्या आधी हृतिकचा स्वतःचा आवाज निघाला, ठणठणीत, जसा शाळेत हजेरीला निघायचा. तो आवाज ऐकला आणि दर्शनाचं भान राहिलं नाही.

"नाय महाराजा," ती म्हणाली.

होय तिथंच थांबला. असं काही म्हणता येतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ढोलवाल्यानं काठी वर उचलली होती, तो ती तशीच धरून राहिला. प्रवीणभावोजी तिला घरात जा म्हणाले, मग पुन्हा म्हणाले. ती हलली नाही.

"सूनबाई," आबा म्हणाले, "गाऱ्हान्यात मोडता घालत नायत."

"देवीसमोर खोटं जाता नये, असं तुमीच बोललात आबा. बांबू बसला तेव्हा पालखी हृतिकच्या खांद्यावर व्हती. पाठचा खांदा चांगूनानांचा. ते इथं उभे हायत. त्यांना इचारा."

सगळ्या माना कुंपणाकडं वळल्या. चांगूनाना ओमच्या भावकीतला म्हातारा. त्याला हृतिकला वाचवायचं काही कारण नव्हतं, उलट गप्प राहिला असता तर त्याच्या वाडीनं त्याचं कौतुकच केलं असतं. त्यानं बराच वेळ पालखीकडं बघितलं. दर्शनाचा जीव त्या म्हाताऱ्याच्या ओठांवर येऊन बसला होता.

"माझ्या पुढ्यात याचीच पाठ व्हती," चांगूनाना शेवटी म्हणाला. "खांदा सुटला नाय त्याचा. देवळात ठेवली तोवर नाय."

"मग रातच्याला का बोलला नाय तुमी?" ओमचा चुलता त्याच्यावर खेकसला.

"सगळी बोलत व्हती वाघ्यानं मारलं, वाघ्यानं मारलं. मला वाटलं, मी म्हातारा, माझंच कायतरी चुकलं. एक मानूस दोन ठिकानी असत नाय हे मला कळतं. पन गाव बोलतंय तर असंल बाबा, म्हटलं."

दुसरा कुठला दिवस असता तर यावर लोक हसले असते. पोलीस पाटलांनी टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. प्रवीणभावोजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण पडवीच्या कोपऱ्यातून रंगूबाई म्हणाली, "आता तरी गप ऱ्हा," आणि ते गप्प राहिले. त्यांचा हात पोराच्या खांद्यावरून आपोआप निघाला.

आबा चाचपडत पुढं आले. हृतिकच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेल्याशिवाय त्यांना तो दिसला नसता.

"काय बघितलंस रे तू?" त्यांनी विचारलं.

एवढ्या वर्षांत, एवढ्या भांडणांनंतर, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. हृतिकला आधी प्रश्नच कळला नाही असं वाटलं. त्यानं ओठ चाटले, आईकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"ओम मला हाक मारत व्हता," तो म्हणाला. "वाघ्या म्हनून नाय. हृतिक म्हनून. हृतिक, ह्याला आवर, म्हनून. तो खाली पडला व्हता आनि माझ्याकडंच बघत व्हता. एकदा मारली हाक. मग आनखी एकदा मारली. मग नाय मारली."

कुणाला आवर, हे त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज उरली नाही, कारण पायरीवर यशराज दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता आणि तुळसा त्याच्या आणि गावाच्या मध्ये जाऊन उभी राहिली होती. पोलीस पाटलांनी तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. आता लगेच कुणी काही बोलणार नव्हतं, पण संध्याकाळी साहेबांना कुठलं नाव जाणार ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. दर्शनाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला तुळसाच्या पाठीकडं बघवत नव्हतं.

हृतिकचं मात्र बोलणं संपलं नव्हतं. त्याला यशराजचं, पाटलांचं, कुणाचंच काही पडलेलं दिसत नव्हतं. तो आबांनाच विचारत होता, आणि दर्शनाला आत्ता उमगलं की अपराध कबूल करताना तो खोटं बोलत नव्हताच. अपराध आपलाच, असं त्याला रात्रभर वाटत होतं.

"मी गेलो नाय आबा. पालखी खांद्यावर व्हती. तुमी सांगितलं व्हतं भुईला टेकवायची नाय, म्हनून मी उभा राहिलो. चार पावलांवर व्हता तो." त्यानं मान वर केली. "टेकवली असती तर चाललं असतं का?"

आबांनी पालखीकडं मान वळवली. त्यांची हयात त्या पालखीखाली गेली होती. तापात त्यांनी ती वाहिली होती, धाकट्या मुलाचं, दर्शनाच्या नवऱ्याचं, दहावं झाल्यावर त्याच शिमग्यात वाहिली होती, आणि तिच्या दांड्याला बोट लावायच्या आधी आंघोळ झाली का विचारणारा गावातला माणूस म्हणजे तेच. दोन्ही वाड्या त्यांच्या उत्तराची वाट बघत होत्या. ढोलवाल्यानं काठी हळूच खाली घेतली.

"चाललं असतं, पोरा," आबा म्हणाले. मग त्यांनी चाचपत त्याच्या दंडाला धरलं. "पन तुला ते सांगितलं कोनी व्हतं?"

हृतिक सारवलेल्या भुईवर खाली बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. दर्शना त्याच्या शेजारी बसली. तिनं त्याला गप्प केलं नाही, आणि दुसऱ्या कुणीही केलं नाही. पालखी पुढच्या घरी जायला उशीर होत होता, तरी खांदा द्यायला अजून कुणी पुढं झालं नव्हतं.